पिवळ्या कार्डाचा तास

आठवी ‘ब’च्या भरल्या वर्गात मी विचारलं, “कोणाच्या घरी सिकलसेलचं पिवळं कार्ड आहे? हात वर करा.”

चूक एवढीच, एका ओळीची. ती करायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं. पुस्तकात तसा स्वाध्याय नव्हता, मुख्याध्यापक बाईंचा आदेश नव्हता. मी शुद्धीत होतो, चष्मा पुसलेला होता आणि आपण आज फार सुंदर शिकवतो आहोत, असं मला त्या क्षणी वाटत होतं. माझ्या बहुतेक घोटाळ्यांच्या आधी मला असंच वाटलेलं आहे.

नागपूरच्या रिंग रोडपलीकडे एक मराठी शाळा आहे, तिथे मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतो. एवढ्या वर्षांत मी बरंच काही करून ठेवलं. बटाट्याचा एक प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत कपाटात विसरलो. सुट्टी संपल्यावर वास का येतो म्हणून बाईंनी मेलेला उंदीर शोधायला दोन शिपाई लावले, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही वाकून वाकून उंदीर शोधत होतो. एकदा ग्रहण दाखवायला अख्खी सातवी मैदानात उभी केली. ग्रहण आदल्या दिवशी होऊन गेलं होतं. हे किस्से मी स्नेहसंमेलनात स्वतःच सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पिवळ्या कार्डाचं मात्र मी कुठे सांगत नाही. इथे लिहितो आहे, कारण लिहिताना समोर कोणाचा चेहरा नसतो.

आनुवंशिकता हा खरं तर वरच्या इयत्तेचा धडा. पण आठवीतच त्याची तोंडओळख करून द्यावी, असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. प्रशिक्षणातलं सगळं मी घरी पोचेपर्यंत विसरतो, हे एक नेमकं लक्षात राहिलं. ‘परिसरातली उदाहरणं घ्या’ हेही राहिलं.

पहिल्या दिवशी मी कानाच्या पाळ्या, गालावरची खळी आणि जिभेची नळी घेतली. काहींना जीभ दोन्ही कडांनी वळवून नळी करता येते, काहींना नाही. घरी आईबाबांची बघून या, म्हणालो. अर्धा वर्ग जिभा काढून बसला आणि नेमक्या तेव्हाच बाई व्हरांड्यातून गेल्या. माझी स्वतःची जीभ काही वळेना. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुमच्या बाबाची वळत होती का?”

मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांची जीभ मी फक्त ते माझ्यावर ओरडताना पाहिली होती, आणि तेव्हा ती सरळच असायची.

दुसऱ्या दिवशी मी गुंड्या आणल्या. आमच्या गल्लीतल्या टेलरकडून शर्टाच्या गुंड्या, पांढऱ्या आणि काळ्या. दोन बरण्या केल्या. एक आईची, एक बापाची. डोळे मिटायचे, हिच्यातून एक काढायची, तिच्यातून एक. “हेच होतं,” मी म्हणालो. “आई एक देते, बाप एक देतो. कोणती द्यायची हे आईच्याही हातात नाही आणि बापाच्याही नाही.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

मग परिसरातलं उदाहरण. आपल्या विदर्भात सिकलसेल कोणाला नवीन नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, हाडं-सांधे ठणकतात, कधी रक्त चढवावं लागतं. समजा, काळी गुंडी म्हणजे बिघाड. एक काळी आणि एक पांढरी आली, तर माणूस ठणठणीत. तो फक्त वाहक. त्याला सरकारी दवाखान्यातून पिवळं कार्ड मिळतं. दोन्ही काळ्या आल्या, की आजार. त्याचं कार्ड लाल. म्हणून दोन पिवळ्यांनी लग्न ठरवण्याआधी थांबून विचार करावा. त्यांच्या प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता लाल कार्डाची.

पोरं रांगेने येऊन गुंड्या काढत होती. एका पोराच्या हातात दोन्ही काळ्या आल्या. तो हसत जागेवर गेला, पण बाजूचा त्याच्यापासून सरकून बसला आणि म्हणाला, “हट बे, लाल कार्ड!” तास संपेपर्यंत त्याचं तेच नाव पडलं. मला तिथेच कळायला हवं होतं. टेलरच्या गुंडीवरून जर पोरं सरकून बसतात, तर पुढे काय होईल. पण मला वाटलं, वर्ग रंगात आला आहे. आणि मी तो प्रश्न विचारला.

खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात वर गेला. तिचा हात नेहमीच सगळ्यांच्या आधी जायचा. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत ती अर्धी उभी असायची.

“सर, माझ्याकडे आहे! बाबाचं पण आहे. अन् ताईचं पण!”

तीन पदकं मिळाल्यासारखं तिने सांगितलं. मी “शाब्बास” म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मग तिला फळ्याजवळ बोलावलं आणि तिच्या घराची वंशावळ काढली. बापाचा चौकोन अर्धा रंगवला, आईचं वर्तुळ कोरं, तिचं वर्तुळ अर्धं, ताईचं वर्तुळ अर्धं. ताईच्या वर्तुळाखाली मी ‘ताई’ असं लिहून त्याच्याभोवती चौकट केली, कारण पुढचा मुद्दा लग्नाचा होता. “आता ताईचं लग्न ठरवताना,” मी म्हणालो, “मुलाची काय तपासायला हवी?” वर्ग एका सुरात ओरडला, “गुंडी!”

घंटा झाली. मी फळा पुसला नाही.

त्या ताईचं लग्न खरंच ठरत होतं. सावनेरचं स्थळ होतं. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. हे स्थळ त्यांच्याच गल्लीतल्या एका बाईने आणलं होतं, आणि त्या बाईची मुलगी त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

तो मंगळवार होता. गुरुवारी आणि शुक्रवारी पहिल्या बाकावरची जागा रिकामी राहिली. शनिवारी सकाळच्या शाळेत मुलीचे वडील आले. टाइल्स बसवणारे मिस्त्री. नखांच्या कडांना सिमेंट आणि गुडघ्यांवर पँट घासून पांढरी झालेली. मी त्यांना बसा म्हणालो, ते उभेच राहिले.

“सर, तुमी वर्गात कार्ड विचारलं का जी?”

“हो.”

“काहून?”

मी आनुवंशिकतेपासून सुरुवात केली. ते ऐकत राहिले. मी बरण्यांपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हात थोडासा वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

“ते सगळं माह्या पोरीले माहीत हाय सर. मोठीले. आमी लपवून नव्हतो राहिलो. पाहाले आले तेव्हाच तिनं पोराले बाजूले घेऊन सांगतलं, माझं पिवळं कार्ड हाय, तू पयले तपासून घे, मंग पुढचं बोलू. तो हाव म्हनला. घरी मी सांगतो म्हनला. अन् तो सांगाच्या आधी बुधवारी त्याच्या घरच्यायचा फोन आला. म्हने, तुमी फसवून राहिले होते आमाले. शाळेतल्या पोट्ट्यायले माहीत, अन् आमाले माहीत नाही?”

“मग मुलाने सांगितलं नाही का, की मला आधीच सांगितलं होतं म्हणून?”

“तो चूप राहिला.”

व्हरांड्यातून प्रार्थनेची रांग चालली होती. मी म्हणालो, “मी त्यांच्याशी बोलू का?” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, उत्तर दिलं नाही, नमस्कार करून गेले. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्या न दिलेल्या उत्तराचा अर्थ त्याला कळला असता.

घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“तुम्ही विचारलंच काहून?”

“उदाहरण म्हणून.”

“मग तुमच्या घरचं द्यायचं होतं उदाहरण.”

“आपलं कुठे आहे कार्ड?”

“हेच म्हणते मी,” ती म्हणाली आणि मेथीकडे वळली. ती काय म्हणते आहे हे मला सावनेरला जाईपर्यंत समजलं नाही.

स्थळ आणणाऱ्या बाईकडून मुलाच्या घरचा पत्ता घ्यायला गेलो. मला वाटलं होतं ती ओशाळेल. तिने मला खुर्ची दिली, पंखा लावला.

“सर, देवासारखे धावले बापा तुमी. नाहीतर माह्यावरच आलं असतं, की असं कसं स्थळ आणलं. पोरीनं घरी येऊन सांगतलं अन् माह्या काळजात धस्स झालं.”

तिने माझे आभार मानले. अगदी मनापासून. मी पाणी पिऊन पत्ता लिहून घेतला.

रविवारी गेलो. मुद्दाम रविवारच निवडला. साक्षगंधासाठी त्यांनी दिवस मोकळा ठेवला असणार, म्हणजे सगळे घरी भेटतील, असा माझा हिशेब. हा हिशेब मला आठवतो तेव्हा आजही मान खाली जाते. एसटीत मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दोन्ही बरण्या. वाटेत गाडी आदळली की गुंड्या खुळखुळायच्या. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “औषध हाय का जी?” मी हो म्हणालो.

मुलाच्या आईने दार उघडलं. मी मुलीच्या धाकट्या बहिणीच्या शाळेतला शिक्षक म्हटल्यावर तिने आधी माझं आडनाव विचारलं, मग आत घेतलं. मुलगा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. त्याने मान वर केली आणि खाली घातली. मी टीपॉयवर बरण्या ठेवल्या. एका अनोळखी घरात, मोडलेल्या साक्षगंधाच्या दिवशी, मी एका आईसमोर शर्टाच्या गुंड्या मांडल्या.

“बघा, मुलीचं कार्ड पिवळं आहे, म्हणजे तिला आजार नाही. मुलाच्या दोन्ही गुंड्या पांढऱ्या असतील, तर मुलांना आजाराची भीतीच नाही. फार तर पिवळं कार्ड. फक्त यांचं रक्त एकदा तपासलं की...”

“माह्या पोराचं काहून तपासाचं? त्याले काय झालं?”

“काही झालेलं नसतंच. पिवळ्या कार्डवाल्याला काही होत नाही. म्हणून तर तपासावं लागतं.”

“आपल्यात हे नसते जी सर. ते दुसऱ्या लोकायत असते.”

दारातच आडनाव विचारलेलं असल्यामुळे त्या ‘आपल्यात’मध्ये मीही होतो. मी म्हणालो, “ताई, रक्ताला आडनाव माहीत नसतं. आपल्यातही निघतं.”

“अस्सं?” तिने हाताची घडी घातली. “मंग तुमचं कार्ड कोणतं हाय?”

सव्वीस वर्षांत वर्गात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“मी... तपासलं नाही अजून.”

“तुमच्या बाईचं?”

“नाही.”

“लेकरं किती तुमाले?”

“एक मुलगा. लग्न झालं गेल्या वर्षी.”

“त्याचं तपासलं होतं? सुनेचं?”

मुलाच्या लग्नात आम्ही पत्रिका दोन ठिकाणी दाखवली होती. एकाने अठरा गुण सांगितले, एकाने एकवीस, म्हणून तिसऱ्याकडे जावं की काय यावर घरात आठ दिवस चर्चा झाली. रक्ताचा विषय कोणीच काढला नाही. विज्ञानाचा शिक्षक घरात होता, त्यानेही नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मंग आमाले कायले सांगाले आले जी एवढ्या दुरून?”

तिने हे रागाने म्हटलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. मी गुंड्या गोळा करायला लागलो. एक काळी टीपॉयखाली गेली होती, ती मी गुडघ्यावर बसून काढली. मुलगा उठला आणि म्हणाला, “आई, सरांना स्टँडवर सोडून येतो.”

स्टँडच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. उतरला नाही. समोर बघतच बोलला.

“सर, मी तपासणी करून घेतली. तिनं सांगितलं होतं म्हणून. रिपोर्ट गुरुवारी आला.”

“मग?”

“माझंही पिवळंच आहे.”

मी पिशवी घट्ट धरून गाडीवर त्याच्या मागे बसलेलो.

“घरी सांगितलं?”

“कसं सांगू? तुम्ही ऐकलं ना आता, आई काय म्हणून राहिली ते. माझ्यामागे दोन बहिणी आहेत, सर. एकीसाठी माणसं येऊन राहिलीत. माझं कळलं तर त्यांच्याकडे कोण येईल?”

“पण त्या मुलीला तुमच्या घरचे खोटी म्हणतायत. तिने तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“माहीत आहे.”

“आणि दोघांचंही पिवळं, म्हणजे तसंही...”

“तसंही मोडलंच असतं. हाव. मग तिच्या कार्डामुळेच मोडलं, असंच राहू द्या ना.” आता त्याने मागे वळून पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. डोळे सुजलेले. “कोणाले सांगू नका, सर. तुमच्या पाया पडतो.”

मी कबूल केलं. शब्द दिला. बस आली आणि मी चढलो.

त्या आठवड्यात मी रक्त तपासून घेतलं. दवाखान्यातल्या पोरीने बोट टोचताना विचारलं, “लग्न आहे का घरात?” मी म्हणालो, “होऊन गेलं.” ती हसली. शुक्रवारी सांगितलं, तुमचं काही नाही, सगळं ठीक. मला इतकं हायसं वाटलं की दवाखान्याच्या पायऱ्या मी पळत उतरलो, आणि शेवटच्या पायरीवर माझं मलाच लक्षात आलं की मी पळतोय. ज्याला पिवळं आलं असतं त्यालाही काही झालं नसतं, असं मीच वर्गात शिकवलं होतं. मग कशापासून पळत होतो?

मुलगी तोवर शाळेत यायला लागली होती. पहिल्या बाकावर नाही, चौथ्या. गुरुवारी मी वर्गात अगदी सोपा प्रश्न विचारला, तिला नक्की येणारा. ती वहीत रेघा मारत राहिली. मी तिच्याकडे पाहून थांबलो. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या कोणी उत्तर दिलं आणि मी “बरोबर” म्हणालो. शाब्बास म्हणवेना.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला. ठरवून गेलो होतो, फक्त माफी मागायची आणि निघायचं.

मिस्त्री घरीच होते. मोठी मुलगी, ती फळ्यावर चौकट केलेली ताई, मी पहिल्यांदाच पाहत होतो. चष्म्याच्या एका दुकानात ती कामाला होती, नुकतीच जेवायला आलेली. तिने मला पाणी दिलं, चहा ठेवला. धाकटी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला पाहून आत गेली.

मी माफी मागितली. बरीच लांबवली असणार, कारण मधे चहा उतू गेला. ताई म्हणाली, “असू द्या सर. तुमाले माहीत नव्हतं.”

मला हेच कोणीतरी म्हणावं असं आठवडाभर वाटत होतं. आता ती म्हणाली, तर ऐकवेना. एवढ्या साध्या आवाजात तिने ते म्हटलं की मला वाटलं, आपण हिला काहीतरी द्यायला हवं. माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं.

मिस्त्री म्हणत होते, “आता दुसरं स्थळ आलं तरी लोक म्हंतीन, हे लपवणारे लोक हायेत. कार्डाचं नाही जी वाईट वाटत. लपवलं म्हंतात, त्याचं वाटते.”

“तिचं काहीच चुकलं नाही,” मी म्हणालो. “उलट तुम्ही वाचलात. त्या मुलाचंही पिवळंच आहे.”

बोललो. तोंडातून बाहेर पडलेलं मलाच ऐकू आलं.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. “काय म्हनलं?”

“मला त्यानेच सांगितलं. स्टँडवर. पण त्याने...”

“त्याचं पिवळं?” ते उठले. खिशातून मोबाइल काढला. “त्याचं पिवळं, अन् माही पोरगी खोटी? थांबा. आत्ताच लावतो सावनेरले. लावतो अन् सगळ्यायच्यासमोर विचारतो.”

ताईने पुढे होऊन त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला. ओढला नाही, लहान मुलाच्या हातातली कात्री घ्यावी तसा अलगद घेतला.

“बाबा, बसा.”

“तुले समजून राहिलं का, सर काय म्हणून राहिले ते?”

“हाव. मले माहीत हाय.”

“कधीपासून?”

“त्याचा रिपोर्ट आला त्याच दिवशी त्यानं मले फोन केला. रडून राहिला होता.”

मिस्त्री उभेच होते. “अन् तू चूप? आठ दिवस लोक तुले काय काय म्हणून राहिले, अन् तू चूप?”

“माझं तं साऱ्या गल्लीले माहीत झालंच होतं, बाबा. त्याचं सांगून माझं थोडीच परत येणार होतं? त्याच्यामागं दोघी हायेत. माझ्या मागंही एक हाय.” तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “बसा ना.”

ते बसले. हात गुडघ्यांवर ठेवून खाली फरशीकडे पाहत राहिले. मला वाटलं ते आता तरी माझ्यावर ओरडतील. मी त्याची वाटच पाहत होतो. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं.

“सर, त्यानं तुमाले कोणाले सांगू नका म्हनलं असन नं?”

“हो.”

“कधी?”

“रविवारी.”

“आज शनिवार.”

मी मान हलवली. म्हणालो, “मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

“हो नं,” ती म्हणाली. चहाचा कप तिने माझ्याजवळ सरकवला. “चहा पिऊन घ्या सर, अन् निघा. तुमी बसले हाय तोवर आमाले आमच्याच घरात काही बोलता येत नाही.”